उंबराखालचं नाटक

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडच्या तुमच्या सोसायटीतल्या पालकांनी मिळून फेब्रुवारीत उघड्यावर, झाडांमध्ये, मुलांसाठी एक नाटक करायचं ठरवलंय. मुलं चार ते दहा वर्षांची. सोबत आईवडील, आजीआजोबा धरून साठ-सत्तर माणसं. हाताशी 'झाडं वाचवा' या विषयावरची, शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा झालेली संहिता आहे. जागा कुठली घ्यावी, माईक किती लागतील, परवानग्या कुणाच्या, आणि मुलं उठून पळायला लागली तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी संहितेचं बोलतो, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ती बाजूला ठेवा. वाईट आहे म्हणून नाही, ती सभागृहासाठी लिहिलेली आहे म्हणून. वीसेक वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. सभागृहात चांगलं चाललेलं बालनाट्य उचललं आणि दिंडोरी रस्त्याकडच्या एका आमराईत नेलं. सोबत नेपथ्यही नेलं. त्यात पुठ्ठ्याचं, हिरवा रंग दिलेलं एक झाड होतं. ते आम्ही खऱ्या आंब्याच्या बुंध्यापुढे उभं केलं. नाटक सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, पुढच्या ओळीतल्या एका चिमुरडीनं मोठ्यानं विचारलं, "काका, खरं झाड आज सुट्टीवर आहे का?" लोक हसले, मीही हसलो. पण पुढचा पाऊण तास मला त्या पुठ्ठ्याकडे बघवेना.

यात आपली सवयही आहे. मराठी बालनाट्य बंदिस्त रंगमंचावर वाढलं. १९५९ साली सुधा करमरकरांनी बालरंगभूमीचा संसार थाटला, रत्नाकर मतकरींनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना राक्षस, चेटकिणी दाखवल्या. अंधार, प्रकाशझोत, पडदा, अचानक होणारा धूर हीच त्या नाटकांची जादू होती. १९८६मध्ये पुण्यात ग्रिप्सची, म्हणजे बर्लिनच्या त्या नावाच्या बालनाट्यगृहाच्या धर्तीची, नाटकं सुरू झाली आणि मुलांचं रोजचं घर, शाळा, भांडणं रंगमंचावर आली, पण रंगमंच तोच राहिला. आपण नाशिककर कालिदासला किंवा सायखेडकरला नाटक बघत मोठे झालो, त्यामुळे नाटक म्हटलं की डोळ्यांसमोर तीन भिंती आणि समोरचा काळोख येतो. बाहेर काळोख नसतो. तुम्ही प्रेक्षकाची नजर दिव्यानं बांधू शकत नाही. डोक्यावरून बगळ्यांचा थवा गेला की सत्तर माना वर होणार. ज्या नाटकाला हे चालत नाही, ते बाहेर नेऊ नये.

म्हणून क्रम उलटा करा. आधी जागा ठरवा, गोष्ट मग तिथेच सापडते.

जागेबद्दल माझं मत जरा कडवट आहे. आपल्याकडे निसर्ग म्हटलं की सगळे सोमेश्वरच्या धबधब्याकडे बोट दाखवतात. तिथे पाणी असेल तर त्याचा आवाज नटाला खातो, नसेल तर रविवारची गर्दी खाते. पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान झाडांच्या दृष्टीनं उत्तम आहे, पण मुंबई-आग्रा महामार्गाची घरघर तिथवर पोचते. जायचंच तर रस्त्यापासून आत, झाडीच्या आडोशाला जागा शोधा. गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडे दुपारनंतर वारा असतो. हिवाळ्यात पाण्यावर पाहुणे पक्षी असतात, त्यांच्या शेजारी जाऊन ढोल वाजवणं मला तरी पटत नाही. नांदूर मध्यमेश्वरचं तर नावच काढू नका. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२०मध्ये तो दर्जा मिळाला. तिथे आपण प्रेक्षक म्हणून जायचं. तपोवन माझं लाडकं, पण सिंहस्थाच्या कामांच्या काळात ते धरू नका. आणि नदीपात्रात तर कधीच नाही. नाशिकला दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजायची सवय आहे, पण धरणातून पाणी सोडलं तर ते तुमच्या तिसऱ्या अंकाची वाट बघत नाही.

मग राहिलं काय? ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा. मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरी रस्ता, कुठेही. एकच मालक, म्हणजे एकाच माणसाला विचारायचं. गाड्या लावायला जागा असते, संडास असतो, विहिरीवर नळ असतो. बांधावर एखादा जुना वड, उंबर, चिंच असते. एक पथ्य पाळा: द्राक्षबागेला लागून असेल तर मालकाला फवारणीचा दिवस विचारून घ्या. फेब्रुवारीत द्राक्षांची काढणी चालू असते, माणसांची आणि गाड्यांची ये-जा असते, तेही विचारा. मळा मिळाला नाही तर तुमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेतलं एक मोठं झाडही पुरे. मी एका अपार्टमेंटच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाच्या रोपट्यावर अर्ध्या तासाचा प्रयोग केलाय. चांगला झाला होता.

जागा ठरली की ज्या वेळी प्रयोग करायचा त्याच वेळी तिथे जाऊन बसा. कमीत कमी पाच वेळा. वही न्या, मोबाईल खिशात ठेवा. ऊन कुठून येतं, सावली कधी सरकते, वारा कुठून वाहतो, कुत्री कुठे झोपतात, मुंग्यांची वाट कुठून जाते, कुठल्या फांदीवर कोण येऊन बसतं हे लिहून काढा. आणि आवाज. नाशिकमध्ये आवाजांची यादी मोठी होते. गांधीनगरच्या लष्करी प्रशिक्षण केंद्राची हेलिकॉप्टरं, ओझरहून उडणारी लढाऊ विमानं, सोसायटीतला भाजीवाला, घंटागाडीचं गाणं. यातलं काहीही तुम्ही बंद करू शकणार नाही. वहीत लिहिलेलं असलं म्हणजे प्रयोगाच्या वेळी दचकायला होत नाही, एवढं खरं.

माझं अशा बैठकांतून सापडलेलं, आजवर सगळ्यांत जास्त वेळा केलेलं नाटक उंबराचं आहे. ते इथे जरा सविस्तर सांगतो. तुम्हाला ते जसंच्या तसं वापरायचं असेल तर खुशाल वापरा.

गोष्ट साधी. आजी नातवाला म्हणते, "काय रे, उंबराचं फूल झालास की! दिसतच नाहीस." नातू विचारतो, उंबराचं फूल म्हणजे काय? आजी म्हणते, ते कुणालाच दिसत नाही. झालं, पोरगं पेटतं. फूल शोधायचंच. मग सगळा प्रेक्षकवर्ग त्याच्याबरोबर फूल शोधायला निघतो. पहिल्या थांब्यावर बांधावरचा पळस. फेब्रुवारीअखेर तो फुलायला लागलेला असतो, म्हणजे फूल कसं दिमाखात मिरवतं ते आधी बघून होतं. दुसऱ्या थांब्यावर तांबट. हा हिरवा, चिमणीहून थोडा मोठा पक्षी उंबरावर टपून असतो. त्याचं टुक्-टुक्-टुक् तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं येतं, आणि गंमत म्हणजे चोच बंद ठेवून, गळा फुगवून तो ते काढतो. ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. पन्नास मुलं मान वर करून तांबट शोधताना बघणं हे नाटकाइतकंच मोठं नाटक असतं. आमच्या नाटकात आजोबा जुन्या नाशकातल्या तांबट आळीतले होते. ते म्हणायचे, "आमच्या आळीत ठोके मोजून घडवायचे भांडं. हा गडी मोजतच नाही!" मग मुलं मोजायची. हिवाळ्यात तांबट बहुतेक गप्प असतो, ऊन तापायला लागलं की त्याचा कंठ फुटतो. म्हणून जानेवारीत हे नाटक करू नका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पुढे करा.

तिसरा थांबा उंबराखाली. इथे सगळे थकलेले असतात, फूल मिळालेलं नसतं. आजी खाली पडलेलं एक पिकलेलं उंबर उचलते आणि नखानं दोन भाग करते. आत बघा. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतल्या बाजूला फुलं असलेली बंद पिशवीच. तिला तोंडाशी एक इवलं भोक असतं. त्यातून चिलटाएवढी माशी आत शिरते. जात गांधीलमाशीची, पण आपल्याला चावायचा तिचा धंदा नाही. शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखांचे नर फळाला बाहेर जायची वाट कोरतात, आणि पंखवाल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. चार वर्षांच्या मुलाला एवढंच सांगा की आत फुलांचं घर आहे आणि एक माशी त्याची पोस्टमन. आठ-दहा वर्षांच्यांना सगळं सांगा, मरण्यासकट. मुलं मरणाला घाबरत नाहीत. आईबाबा घाबरतात.

या नाटकाची तारीख झाड ठरवतं. उंबराला वर्षातून अनेकदा फळं येतात, पण प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं. शेजारी शेजारी उभ्या दोन उंबरांपैकी एक लगडलेला आणि दुसरा मोकळा असं नेहमी दिसतं. म्हणून तीन आठवडे आधी कार्ड छापू नका. हिरवी फळं तांबूस व्हायला लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाका. झाडावरची फळं मुलांकडून तोडून घेऊ नका, खाली पडलेली भरपूर असतात. आणि जुन्या उंबराखाली बरेचदा दत्ताच्या पादुका असतात. तिथे कुणी रोज दिवा लावत असेल तर आधी त्यांना विचारा, चपला बाहेर काढा, पारावर चढून अभिनय करू नका, खोडाला खिळे मारू नका. एकदा आमच्यातल्या एकानं पारावर उभं राहून उड्या मारल्या, तेव्हा पूजा करणाऱ्या मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. पुढच्या खेपेला त्या प्रेक्षकांत नव्हत्या.

आता मुख्य गोष्ट. मी इतकी वर्षं उघड्यावर नाटकं केली, त्यातून मला एकच युक्ती खात्रीनं सांगता येते: नाटकात एक पात्र असं ठेवा, ज्याचं कामच मध्येच घडणाऱ्या गोष्टी समजावून सांगणं आहे. हे पात्र आपल्याकडे तयार आहे. पिंगळा. जुन्या नाशकात, खेड्यांत पहाटे कुडमुडं, म्हणजे छोटं डमरू, वाजवत दारोदार जाणारा पिंगळा तुमच्या आजेसासूबाईंनी नक्की पाहिला असेल. पिंगळा नावाच्या छोट्या घुबडाची भाषा आपल्याला कळते आणि त्यानं आज तुमच्याबद्दल काय सांगितलं ते आपण सांगतो, असा त्याचा दावा. लोकपरंपरेनं सूत्रधाराची केवढी सोय करून ठेवलीय बघा! मुंडासं, घोंगडी, हातात कुडमुडं घेतलेला एक नट. आकाशात हेलिकॉप्टर आलं की सगळे थांबतात, पिंगळा कानाला हात लावून ऐकतो आणि म्हणतो, "पिंगळा सांगतोय, भली मोठी चतुर आलीय, तिला बसायला फांदी सापडेना." बाळ रडायला लागलं, कुत्रं आलं, कुणाचा फोन वाजला, पिंगळा ऐकतो आणि सांगतो. प्रेक्षकांचं लक्ष भरकटलं असं मग होतच नाही, कारण ते जिकडे गेलं तिकडे नाटक त्यांच्या आधी जाऊन बसलेलं असतं.

याची तालीम लागते, आणि लोक तीच विसरतात. नुसतं 'तू सुचेल ते बोल' म्हणून भागत नाही. आम्ही तालमीत एका माणसाला व्यत्यय आणायचं काम देतो. तो कधी छत्री उघडतो, कधी मधूनच चालत जातो, कधी मोबाईलवर भाजीचा भाव विचारतो. पिंगळ्यानं तीन वाक्यांत उत्तर द्यायचं आणि मूळ ओळीवर परत यायचं. तीनच वाक्यं, यावर मी फार कडक आहे. चांगला नट असला की त्याला लोकांचं हसू लागतं आणि मग तो चौथं, पाचवं वाक्य टाकतो. गोष्ट तिथेच मरते. गिरणाऱ्याकडच्या एका प्रयोगात पन्नासेक शेळ्या थेट रंगमंचावरून गेल्या. मुलं अर्थातच शेळ्यांच्या बाजूची झाली. पिंगळ्यानं शेळ्या राखणाऱ्या मामांना विचारलं, "मामा, हिला उंबराचं फूल सापडलं का हो?" मामा शांतपणे म्हणाले, "ती खाती. शोधत न्हाई." एवढं चांगलं वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही. पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते आम्ही मामांची आठवण काढून वापरलं.

दुसरी शिकवण बोहाड्याची. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबकच्या पट्ट्यात आणि तिकडे जव्हार-मोखाड्यात होळीनंतर उन्हाळ्यात बोहाडे होतात. पाहिला नसाल तर या वर्षी कुटुंबासह जाऊन पाहा. रात्रभर मोकळ्या जागेत सोंगं नाचतात, सुरुवात गणपती-सरस्वतीनं. लगद्याचे, लाकडाचे भलेमोठे मुखवटे, मशालींचा उजेड, संबळ आणि सनई. बऱ्याच गावांत अमुक सोंग अमुक घराचं असं ठरलेलं. दोन्ही बाजूंना लोक, मधून सोंग येतं. ते येतं तेच नाटक. सभागृहात विंगेतून दोन पावलांत प्रवेश होतो. उघड्यावर तुमच्याकडे शंभर पावलांचा प्रवेश आहे. शेताच्या टोकाला एक ठिपका दिसतो, तो मोठा होत जातो, संबळ आधी हळू, मग चढी. मुलं उभी राहतात, लहानगी आईच्या मांडीत घुसतात. एक शब्द न बोलता हे होतं. तुमच्या नाटकात असा एक तरी लांबचा प्रवेश ठेवा. मात्र देवांचे मुखवटे उसने आणू नका, त्यांची नक्कलही करू नका. त्या मुखवट्यांची पूजा होते, त्या आपल्या वस्तू नाहीत. कागदाच्या लगद्याचे स्वतःचे मुखवटे मुलांच्या बाबांना करायला लावा. आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर एक थर. चेहरा मोठा करा, नाकडोळे ठळक, बारीक नक्षीकाम दहा पावलांवरून कुणाला दिसत नाही.

आता माईक. माझं उत्तर: एकही नको. माईक लावला की आवाज स्पीकरमधून येतो आणि नट भलतीकडे असतो. मूल स्पीकरकडे बघतं. शिवाय माईक आहे म्हटल्यावर लोक बोलू लागतात, आणि तांबट संपतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं घटतो. खणखणीत बोलणाऱ्या नटाचा आवाज एका मीटरवर ७५ धरला तर आठ मीटरवर ५७ राहतो, सोळा मीटरवर ५१. शांत मळ्यात ५७ ऐकू येतो, ५१ला माणूस कान टवकारतो. म्हणून अंतर राखा, आवाज नको वाढवायला. पहिली ओळ नटापासून तीन मीटरवर, मग दर मीटरला एक ओळ, अर्धवर्तुळात. चार ओळींत सत्तर माणसं सतरंजीवर आरामात मावतात आणि शेवटची ओळ सहा मीटरवरच येते. नटाच्या मागे भिंत, बांध किंवा दाट झाडी असू दे, वारा नटाकडून प्रेक्षकांकडे वाहू दे. सकाळ निवडा. थंडीतल्या शांत सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज खालच्या बाजूला वळून लांबवर जातो. दुपारी जमीन तापली की उलटं होतं, आवाज वर उडून जातो. शेतात पहाटे बोललेलं पलीकडच्या वस्तीवर ऐकू येतं ते याच कारणानं.

फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वाआठला सुरू करा, नऊला संपवा. प्रेक्षकांची पाठ किंवा खांदा उन्हाकडे हवा. नटाच्या डोळ्यांत ऊन आलं तर तो सोसेल, मुलं सोसणार नाहीत. पाऊण तासापेक्षा जास्त नको, आणि त्यातली दहा-पंधरा मिनिटं चालण्यात जाऊ द्यात. संध्याकाळचा मोह आवरा. अंधार पडायच्या आत सगळे गाडीत बसलेले हवेत. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो हे नाशिककराला सांगायला नको, गंगापूर रोडवाल्याला तर नकोच.

चालताना सगळ्यांत पुढे पिंगळा आणि सगळ्यांत मागे एक 'शेपूट'. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, हा खेळ म्हणून आधीच सांगा. शेपूट कोण होणार यावर मोठी माणसंही भांडतात. वाट आजी-आजोबांना झेपेल अशी, आणि प्रत्येक थांब्यावर चार-पाच खुर्च्या.

मोठ्यांचं आणखी एक. त्यांना मागे बसवलं की ते मोबाईल काढून पोरांचे व्हिडिओ काढत बसतात. त्यांना काम द्या. आमच्या नाटकात नदी म्हणजे आठ नऊवारी साड्या शिवून केलेली पट्टी असते, आणि ती धरून लाटा करायचं काम आईबाबांचं. दोन्ही हात अडकले की मोबाईल आपोआप खिशात राहतो. एकदा एका मोठ्या हुद्द्यावरच्या गृहस्थांनी लाट इतकी मनापासून केली की त्यांची मुलगी नाटक सोडून त्यांच्याकडेच बघत बसली. मी काही तिला टोकलं नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. मालकाची लेखी संमती. महापालिकेच्या उद्यानात असेल तर उद्यान विभागाची, वनक्षेत्रात असेल तर वनखात्याची. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात एक अर्ज द्या. जाहीर प्रयोग म्हटला की संहितेला राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. आज सोसायटीपुरतं असलं तरी पुढे बाहेर करायचं मनात असेल तर आधीच पाठवून ठेवा, आणि पिंगळ्याच्या मोकळ्या जागा संहितेत तशाच लिहा. माईक नाही म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचं झंझट वाचतं, हा आणखी एक फायदा.

धोक्यांकडे मात्र नीट बघा. आदल्या दिवशी दोघांनी काठी घेऊन सगळी वाट पायाखाली घालायची. वर बघायचं ते आग्या मोहोळासाठी. मोठ्या झाडांवर, कड्यांवर असतं. दिसलं तर ती जागा रद्द, वाद नाही. धूर, अत्तर आणि ढोल या तिन्हींनी ते उठू शकतं. कुंपणांवर खाजकुइली बघा. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि सोनेरी लव वाऱ्यानंही उडते. आमच्या एका राक्षसानं ती मिशांसाठी तोडली होती, पुढचा तास तो खराखुरा राक्षस झाला होता. गवतात कुसळं असतात, मुलांना लांब पँट आणि बूट सांगा. गवत वाळलेलं असतं म्हणून मशाल, उदबत्ती, फटाका, काही नको. बोहाड्याचा मोह होईल, पण मुखवटे घ्या, आग नको. सापाचं भय सगळ्यांना वाटतं, पण साफ केलेल्या वाटेवर सत्तर माणसांच्या पावलांच्या हादऱ्यानं ते बहुतेकदा आधीच निघून जातात. तरीही प्रथमोपचाराची पेटी, एक रिकामी गाडी आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारून ठेवा. अवकाळी आणि गारा आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षवाल्यांना रडवतात, त्या तुम्हालाही सोडणार नाहीत. ढगांचा गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि प्रयोग पुढच्या रविवारी. हे आमंत्रणातच लिहा.

खर्चाचा तुम्हाला घोर आहे असं दिसतं. मुखवटे, साड्या, सतरंज्या घरातल्याच. दिवे नाहीत, माईक नाही. उरतो तो चहा-पोह्यांचा खर्च, मळ्याच्या मालकाला काही द्यायचं ते, आणि वाद्यांचं. संबळवाला बाहेरून बोलावलात तर त्याचे पैसे आधी द्या, प्रयोग रद्द झाला तरी द्या. आपल्या हौसेसाठी त्याची रोजी बुडायला नको.

आता शेवटचा प्रश्न, मुलं पळाली तर. पळू देत. अर्धवर्तुळाच्या दोन्ही टोकांना एकेक मोठा माणूस बसवा म्हणजे लांब जाणार नाहीत. खरी पंचाईत पळणाऱ्यांची नसते, न बघणाऱ्यांची असते, असं पालकांना वाटतं. मखमलाबादच्या एका प्रयोगात पाचेक वर्षांचा एक मुलगा नाटकाकडे पाठ करून, उकिडवा बसून मुंग्यांची रांग बघत होता. आई त्याला धरून पुन्हा पुन्हा समोर वळवायची, तो पुन्हा मागे फिरायचा. तिसऱ्या वेळी आमच्या पिंगळ्यानं गोष्ट तशीच सोडली, चालत त्याच्यापाशी गेला, शेजारी उकिडवा बसला आणि कुजबुजत विचारलं, "काय म्हणतायत?"

मुलगा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "घरी आजी आजारी आहे म्हणतायत. म्हणून पळतायत."

पिंगळा उठला, परत आला आणि नाटकातल्या आजीला म्हणाला, "आजी, तुमची तब्येत कशी आहे?" त्या मुलानं तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

फळं तांबूस झाली की कळवा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, तालमीत व्यत्यय आणायचं काम मला आवडतं.